किल्ली देण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातला गलाईवाला देशात कुठेही भेटतो. सराफाकडून जुनं सोनं-चांदी घ्यायची, वितळवून शुद्ध करायची आणि वजनाने परत द्यायची, हा त्याचा धंदा. दुष्काळी मुलखातून बाहेर पडलेल्या या माणसांनी केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेकडच्या शहरांपर्यंत दुकानं थाटली. दुकानात हाताखाली मुलं लागतात आणि त्या मुलांच्या हाती लवकरच परक्याचं सोनं येतं. तरीही जुना गलाईवाला अर्ज मागवत बसत नाही. तो गावाकडे फोन लावतो. पोरगं कोणाचं, घरचं वळण कसं, आधी कोणाच्या दुकानात होतं, तिथून का निघालं, हे त्याला एका संध्याकाळीत कळतं. पोराने काही वाकडं केलं तर दुकान सोडून पळता येतं, पण गाव सोडून पळता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

ही पद्धत बरीच जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या सैन्यात येणाऱ्या नव्या माणसाला आधीपासून चाकरीत असलेल्या कुणाचा तरी जामीन द्यावा लागे, असं ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलं आहे. ओळखीच्या माणसालाही त्यातून सूट नव्हती. कामावर घेण्याआधी माणसाची चौकशी करणं हे मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे, आपल्यासारख्या चार माणसांच्या दुकानाला ते कशाला, असं म्हणणाऱ्या मालकाला मी आधी हे सांगतो. चौकशी आपल्याकडे पूर्वापार होत होती. ती गाव करत असे, म्हणून मालकाला वेगळी करावी लागत नव्हती.

आज ते गाव हाताशी नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या हॉटेलात आचारी उत्तराखंडचा, वाढपी ओडिशाचा, भांडी घासणारा बिहारचा आणि गल्ल्यावरचा मुलगा नांदेडकडचा असतो. मालक स्वतः जुन्नरचा. यांतल्या कोणाच्याच गावात त्याचं ओळखीचं कोणी नाही. शनिवारी रात्री एक जण न सांगता निघून जातो, रविवारी सकाळी गर्दी असते, आणि ‘कामगार पाहिजे’ ही पाटी वाचून जो पहिला दारात येतो तो दुपारपर्यंत कामाला लागलेला असतो. आधार कार्डची झेरॉक्स घेतली की मालकाच्या लेखी चौकशी पुरी झाली. त्या झेरॉक्सवरून फार तर हा माणूस कोण ते कळतं. तीही खरी असेल तर. त्याला काम येतं का, आधीच्या ठिकाणाहून तो कसा निघाला, याचं उत्तर त्या कागदात नाही.

मोठ्या कारखान्यात एका कारकुनाने घोळ केला तर लेखापरीक्षक येतात, खातेनिहाय चौकशी होते, नुकसान ताळेबंदात एका ओळीत मावतं. छोट्या दुकानात तोच माणूस बिलं फाडतो, रोकड घेतो, माल मागवतो, टॅलीत नोंदी करतो, आणि मालक गावाला गेला की बँकेचा ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. एका माणसाच्या हाती इतकं सगळं असतं आणि त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा कोणी नसतो. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स ही संस्था नोकरीच्या जागी होणाऱ्या अफरातफरीवर दर दोन वर्षांनी जागतिक अहवाल काढते. संस्था आपल्या उत्पन्नाचा साधारण ५ टक्के भाग असा गमावतात, असा त्यातल्या तपासनिसांचा अंदाज आहे. २०२४ च्या अहवालात अफरातफर सुरू झाल्यापासून ती उघडकीला येईपर्यंतचा मध्यम कालावधी १२ महिने होता. किराणा दुकानाचा नफा किती बारीक असतो हे ज्याला माहीत आहे, त्याला वर्षभराच्या गळतीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग प्रत्येकाची कुंडली मांडायची का? अजिबात नाही. माझ्या मते इथे एकच प्रश्न विचारावा: या माणसाच्या हातात मी नेमकं काय देणार आहे? गाडीची किल्ली, गल्ला, औषधांचं कपाट, कोणाचं तरी मूल, की फक्त झाडू? जे देणार त्यापुरतीच चौकशी करावी. झाडू मारणाऱ्याकडून पोलीस दाखला मागणं जितकं चुकीचं, तितकंच टेम्पोचालकाचा परवाना न बघणं चुकीचं.

टेम्पोपासूनच सुरुवात करू, कारण छोट्या व्यावसायिकाला एका दिवसात रस्त्यावर आणण्याची ताकद या किल्लीत सर्वांत जास्त आहे. परवाना नसलेल्या माणसाला गाडी चालवू देणं हा मोटार वाहन कायद्यानुसार मालकाचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण खरी धास्ती दंडाची नाही, अपघातानंतरच्या भरपाईची आहे. चालकाकडे वैध परवाना नव्हता आणि मालकाने ते पाहिलंच नव्हतं असं सिद्ध झालं, तर विमा कंपनीने जखमीला किंवा मृताच्या वारसांना आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालयं देतात. ती रक्कम लाखांत असते. टेम्पो विकून ती फिटत नाही.

परवाना दिसायला खरा पण प्रत्यक्षात बनावट निघाला तर काय? यावर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका मालकाला न्याय देणारी आहे. २००३ च्या लेहरू प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की चालक नेमताना मालकाने परवाना पाहावा, तो दिसायला खरा असावा आणि माणसाला गाडी येते याची खात्री करून घ्यावी; प्रत्येक परवाना घेऊन मालकाने आरटीओच्या दारात जावं ही अपेक्षा नाही. २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीवर टाकली गेली. २०१३ मध्ये हेच तत्त्व पुन्हा मांडताना न्यायालयाने एक जोड दिली: परवाना खोटा असल्याची शंका कोणी लक्षात आणून दिली आणि तरीही मालकाने पडताळणी केली नाही, तर मालक जबाबदार. या निकालांचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. परवाना पाहिला आणि गाडी चालवून घेतली, एवढं केलेल्या मालकाच्या मागे कायदा उभा राहतो. ते केलं होतं हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून त्या दिवशीची तारीख घातलेली परवान्याची प्रत फायलीत असावी.

हे निकाल आले तेव्हा पडताळणीसाठी आरटीओत खेटे घालावे लागत. आता परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की परवाना चालू आहे का, कोणत्या वर्गाच्या वाहनाचा आहे आणि कधीपर्यंत वैध आहे ते दिसतं. उमेदवाराला त्याच्याच फोनवर डिजिलॉकर उघडायला सांगितलं तरी काम भागतं. वर्गाबद्दल बऱ्याच मालकांचा गोंधळ असतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो सोडवला. भरलेल्या मालासह ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं. धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांसारख्या काही वाहनांना मात्र वेगळ्या अटी लागू राहतात. आणि परवान्यानंतरची चाचणी मोकळ्या मैदानात घेऊ नये. भरलेला टेम्पो घेऊन तुमच्या गोदामाच्या बोळात रिव्हर्स लावायला सांगावं. दहा मिनिटांत सगळं दिसतं.

मूल ज्याच्या हाती द्यायचं त्याच्या बाबतीत कायद्याने मालकापुढे पर्यायच ठेवलेला नाही, आणि ही गोष्ट पाळणाघर चालवणाऱ्या बऱ्याच जणींना, क्रिकेट-कराटेचे वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षकांना माहीतही नसते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो वा क्रीडा अकादमी, आपल्या सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करावी, असं ते नियम सांगतात. शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी, कोणीही त्यातून सुटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहानग्या मुलींवरच्या अत्याचाराचा आरोप ज्याच्यावर झाला, तो कंत्राटी सफाई कामगार होता. तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने विचारलं, याला कोणी आणि कसं कामावर ठेवलं? कंत्राटदाराने माणूस पाठवला, हे आई-बापांपुढे उत्तर होऊ शकत नाही. व्हॅनचालक, त्याच्याबरोबरची मदतनीस, दुपारी मुलांना झोपवणाऱ्या मावशी, चहा आणणारा पोरगा, यांतलं कोणीही सुटता कामा नये. इथे मी कसलीही सवलत सुचवणार नाही. दाखला हाती येईपर्यंत त्या माणसाला मुलांबरोबर एकटं सोडायचं नाही.

औषधांचं कपाट हा तिसरा प्रकार. १९४८ च्या औषधनिर्माण कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. तेव्हा मेडिकल दुकानात माणूस घेताना फक्त पदविका पाहून थांबू नये. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडची नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण झालं आहे का, हे पाहावं. परिचारिकेसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आहे. पदवीबद्दल शंका आली तर विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती चाळायला पाच मिनिटं पुरतात.

वयाची खात्री मात्र सगळ्यांची, अगदी झाडू मारणाऱ्याचीही करावी लागते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं २०१६ च्या दुरुस्तीपासून सर्वच व्यवसायांत गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, वा दोन्ही होऊ शकतं. चौदा ते अठरा या वयात धोक्याची कामं बंद. इथे आधार कार्डवर विसंबू नये. त्यावरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा धरता येत नाही. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार वगळलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. म्हणून दाखला मागावा. तो नसेल तर जन्म नोंदणीचा उतारा.

आता गल्ला. चोरी करणाऱ्या नोकराला कायदा सोडत नाही. भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी आणि सोपवलेल्या मालाचा अपहार या दोन्हींना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण गुन्हा नोंदवून पैसे परत येतीलच असं नाही, आणि दुकान सोडून पोलीस ठाण्याच्या व कोर्टाच्या फेऱ्या मालकालाच माराव्या लागतात. म्हणून ज्याच्या हाती रोकड किंवा माल द्यायचा, त्याच्या आधीच्या मालकाशी बोलावं. सगळ्या चौकशीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच. गलाईवाल्याचा गावाकडचा फोन शहरात असा करता येतो.

तो फोन करण्याची रीत आहे. उमेदवाराने चिठ्ठीवर लिहून दिलेल्या नंबरावर लावू नये. तिकडे त्याचा मित्र बसलेला असू शकतो. दुकानाचं नाव विचारावं आणि पाटीवरचा किंवा इंटरनेटवरचा नंबर शोधून लावावा. जवळचं दुकान असेल तर स्वतः जाऊन यावं, समोरासमोर माणूस जास्त बोलतो. हॉटेलवाल्याला दुपारी एक वाजता फोन केला तर तो दोन शब्दांत कटवणार, चारला करा. ‘माणूस कसा होता?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘चांगला होता’ असंच येतं. कधीपासून कधीपर्यंत होता, नेमकं काम काय होतं, गल्ल्यावर बसायचा का, सणाच्या सुट्टीवरून ठरल्या दिवशी परत यायचा का, हिशेबात फरक पडला तर काय करायचा, कसा गेला, सांगून की न सांगता, असं विचारावं. शेवटी एक प्रश्न: आज तो परत आला तर ठेवून घ्याल? इथे समोरचा किती वेळ थांबतो ते ऐकावं.

मात्र पूर्वीच्या मालकाचं बोलणं म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. पगार थकवणारा मालक, हक्काची सुट्टी मागितली म्हणून चिडलेला मालक, चांगला कारागीर गेला म्हणून दुखावलेला मालक, हे सगळे फोनवर वाईटच बोलतात. एका ठिकाणी वाईट ऐकू आलं तर दुसऱ्या ठिकाणी विचारावं आणि उमेदवारालाही आपली बाजू मांडू द्यावी. तो सध्या जिथे कामाला आहे तिथे त्याच्या परवानगीशिवाय मुळीच फोन करू नये. तुमच्याकडचं काम मिळायच्या आत त्याचं हातचं जाईल. पहिल्यांदाच नोकरीला येणाऱ्याचा आधीचा मालक नसतो. त्याच्यासाठी शाळेतले सर, आयटीआयचे निदेशक, ज्यांच्या शेतावर किंवा मंडपाच्या कामाला तो सुट्टीत जात होता ती माणसं असतात. मधली वर्षं कुठे गेली हे विचारावं, पण उत्तर ऐकण्याआधी संशय धरू नये. आईचं आजारपण, बापाचं शेत, २०२० ची टाळेबंदी, बाळंतपण. कष्टकऱ्याच्या आयुष्यात अशी रिकामी वर्षं येतातच.

आणि काम करून पाहावं. नोकरीसाठी माणूस निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये घेतला. पुढे माणूस काम कसं करेल याचा अंदाज पूर्वीच्या मालकाच्या शिफारशीपेक्षा प्रत्यक्ष कामाच्या नमुन्यावरून कितीतरी चांगला येतो, असं त्यात दिसलं. नंतरच्या संशोधकांनी त्यांचे आकडे खाली आणले, तरी नुसत्या शिफारशीवर विसंबणं शहाणपणाचं ठरलं नाही. आचाऱ्याला शंभर माणसांची भाजी करायला सांगावी, हिशेबनिसापुढे गेल्या महिन्याची बिलं ठेवावीत. त्या दिवसाची मजुरी चोख द्यावी, माणूस ठेवला नाही तरी.

पोलिसांच्या दाखल्यावर लोक नको तेवढे विसंबतात. महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्ज उमेदवाराने स्वतः करायचा असतो, आणि माणूस परराज्यातला असेल तर त्याच्या गावाकडची पडताळणी तिकडच्या पोलिसांकडून व्हावी लागते. मुलांशी संबंध येणार असेल, रात्री गोदामात एकटा राहणार असेल, लोकांच्या घरात जाऊन काम करणार असेल, तर तो जरूर मागावा. रखवालदार एजन्सीकडून घेत असाल तर एजन्सीला २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा परवाना आहे का ते पाहावं. रखवालदाराचं चारित्र्य पडताळणं हे त्या कायद्याने एजन्सीचंच काम आहे. पण दाखला एवढंच सांगतो की पोलिसांच्या नोंदीत या माणसाविरुद्ध काही नाही. वर सांगितलेल्या जागतिक अहवालात दर वेळी एक गोष्ट ठळक दिसते: अफरातफर करणाऱ्यांतले बहुसंख्य लोक पूर्वी कधीच पकडले गेलेले नसतात. त्यांचा दाखला कोरा असतो. त्यांच्यापासून चौकशी वाचवत नाही, दुकानातली शिस्त वाचवते. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या गडाची व्यवस्था दिली आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एकाच दर्जाचे नेमायचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. गड एकट्या कोणाच्या हातात नसे. दुकानात याचाच अर्थ असा की बिल करणाऱ्याने बँकेत भरणा करू नये, साठा मोजणाऱ्याने मालाची मागणी देऊ नये, आणि गल्ला रोज रात्री मिळवावा, आठवड्याने नव्हे. माणसं तीनच असतील तर एक काम मालकाने स्वतःकडे ठेवावं.

नोंद सापडली, तरी ती कसली हे वाचावं. गुन्हा दाखल होणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. मोर्चात पकडला गेलेला, भाऊबंदकीच्या बांधावरच्या भांडणात नाव आलेला, निर्दोष सुटलेला आणि मालकाचा माल विकून शिक्षा भोगलेला, हे चौघे सारखे नाहीत. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरीच्या संदर्भात हाच विवेक सांगितला. तरुणपणी घोषणा दिल्याचा खटला किंवा एखादा क्षुल्लक गुन्हा उमेदवाराने लपवला, तरी तो त्या पदाला बाधा आणणारा नसेल तर नियोक्ता त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. अठराव्या वर्षाआधी काही घडलं असेल तर बाल न्याय कायदा त्याला नवी सुरुवात करण्याचा हक्क देतो. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर नावाने खटले शोधता येतात. ते मालक करतात आणि तिथेच घोटाळा होतो. आपल्याकडे एकाच नावा-आडनावाची माणसं एका तालुक्यात डझनभर सापडतात. वडिलांचं नाव, वय, गाव जुळल्याशिवाय ती नोंद या माणसाची मानू नये. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या कागदांवर दोन नावं असणारच, त्यात लबाडी शोधू नये.

या सगळ्या चौकशीतली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट अशी की तिच्या आड जात विचारली जाते. आडनाव ऐकून, वस्तीचं नाव ऐकून मालक मनात निकाल देऊन मोकळा होतो. १८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींची वसाहत बसवली गेली, तिथली माणसं शहरातल्या गिरण्यांत राबली, आणि कुंपणाबाहेर जायला त्यांना परवानगी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. तरी पारधी मुलगा कामाला आला की दुकानदार आजही पाकीट चाचपतो. अशा मुलाच्या मागे त्याची भलामण करणारा आधीचा मालक नसतो, कारण त्याला आधी कोणी ठेवलेलंच नसतं. त्याला वर सांगितलेली चौकशी लावा, तीच, तेवढीच, बाकीच्यांना लावता तशी. नीट केलेल्या चौकशीने अशा उमेदवाराचा फायदाच होतो, कारण मालकाला त्याच्या आडनावाऐवजी त्याचं काम बघावं लागतं. जात, धर्म, लग्न कधी करणार, मूल कधी होऊ देणार, हे प्रश्न चौकशीत येऊच नयेत. नोकरीची अट म्हणून एचआयव्ही तपासणी करायला लावणं तर २०१७ च्या कायद्याने बेकायदा ठरवलं आहे.

नात्यातून आलेल्या माणसालाही हीच चौकशी लावावी. ‘आपल्याच माणसाचा मुलगा आहे, त्याला काय विचारायचं’ म्हणून सोडून दिलेला भाचा पुढे गैरहजर राहू लागला, हिशेब अडकवू लागला, की मालकाला त्याला काढताही येत नाही. ताईला आधीच सांगावं, आमच्याकडे सगळ्यांचे कागद घेतात, त्याचेही घेणार. शिफारस करणाऱ्या जुन्या कामगाराला तोंडी जामीन व्हायला सांगितलं तर तो माणूस पारखून आणतो, मात्र नव्याने काही केलं म्हणून जुन्याच्या पगारातून पैसे कापू नयेत.

गोळा केलेल्या कागदांचं काय करायचं, याचा विचार छोट्या दुकानात सहसा होत नाही. गल्ल्याखालच्या खणात वीस आधार कार्डांच्या झेरॉक्स पडून असतात, त्यांतली निम्मी माणसं कधी कामावर आलेलीच नसतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. फोनवर, संगणकावर ठेवलेली माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि काम संपल्यावर काढून टाकावी, हा त्याचा गाभा. म्हणून उमेदवाराला कळेल त्या भाषेत, मराठीत किंवा हिंदीत, काय तपासणार आणि कोणाला विचारणार हे लिहून त्याची सही घ्यावी. आधारचे शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत मागावी. न घेतलेल्यांचे कागद परत करावेत किंवा फाडावेत. ते व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ‘याच्यापासून सावध’ लिहू नये. मूळ दाखले तर मालकाने ठेवूनच घेऊ नयेत. कामगार पळून जाऊ नये म्हणून त्याचा दहावीचा मूळ कागद कपाटात बंद करणं हा अन्याय आहे, आणि तसा कागद अडकलेला माणूस निष्ठावान होत नाही.

हे सगळं मिळून गल्ल्यावरच्या माणसासाठी एक-दोन दिवस लागतात, मदतनीसासाठी तासभर. रविवारच्या गर्दीच्या दिवशी तेही शक्य नसेल तर त्या दिवसापुरता माणूस घ्यावा, संध्याकाळी मजुरी द्यावी आणि नेमणूक चौकशीनंतर करावी. माणूस नाकारायचा झाला तर कारण सांगावं. नावाचा घोटाळा झाला असेल तर तो तिथेच उलगडतो.

आणि एके दिवशी असा फोन तुम्हालाही येईल. तुमच्याकडून गेलेला मुलगा दुसऱ्या कोणाकडे उभा असेल आणि तो मालक दुपारी चारला विचारेल, कसा होता? बहुतेक जण इथे कचरतात. वाईट सांगितलं तर अब्रुनुकसानीचा दावा होईल अशी भीती असते, चांगलं सांगितलं तर उद्या आपल्यावर येईल असं वाटतं. कायद्यात समोरच्याच्या हितरक्षणासाठी, सद्भावनेने केलेल्या विधानाला अब्रुनुकसानीतून अपवाद आहे. तेव्हा स्वतः पाहिलेलं आणि कागदावर असलेलं सांगावं, ऐकीव काही सांगू नये. त्याहून सोपी वाट म्हणजे माणूस जातानाच त्याच्या हाती अनुभवाचा दाखला द्यावा: नाव, काम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, शेवटचा पगार, सांगून गेला की नाही, दुकानाचा शिक्का आणि तुमचा फोन नंबर. एक प्रत स्वतःकडे ठेवावी. तीन-चार वर्षांनी कोणी विचारलं तर तारखा आठवत बसावं लागत नाही.